लामिनच्या कोऱ्याला गिटारच्या चाव्या

मिरजेत पिढीजात तंबोरे घडवणाऱ्या चाचांच्या दुकानात मी तंबोऱ्याच्या तारा बदलून घेत होतो, तेव्हा गॅम्बियाहून आलेला लामिन आपला कोरा घेऊन आत आला. कोरा म्हणजे चामड्यानं मढवलेला अर्धा भोपळा, त्यावर लांब दांडी आणि एकवीस तारा. प्रवासात भोपळ्याला चीर गेली होती आणि संध्याकाळी त्याचा कार्यक्रम होता.

चाचांनी चीर पाहिलीच नाही. ते दांडीवरच्या, तारा पिळायच्या चाव्यांकडे बघत राहिले. "ह्या गिटारच्या चाव्या कुणी बसवल्या?"

दुभाषा मीच होतो. "त्यानंच. पूर्वी चामड्याची कडी असायची, ती सरकवून सूर लावायचे."

"बापानं बसवू दिल्या?"

लामिननं सरळ वडिलांनाच व्हिडिओ कॉल लावला. चाव्या दिसताच म्हातारबा करवादले. इकडे चाचांनी जोरात मान डोलावली. एकमेकांचा शब्दही कळत नव्हता, पण लामिनला झापण्यात दोघांची एक मात्रा चुकत नव्हती. परंपरा टिकते ती बहुधा अशा एकमतावरच, असं मला वाटून गेलं.

वडील फोनवरून पाहत असतानाच चाचांनी चीर बुजवली. लामिननं अंगठ्यांनी तारा छेडल्या आणि दोघेही म्हातारे कान देऊन ऐकू लागले. मग फोनमधून हळूच काहीतरी आलं. लामिन हसत सुटला.

"काय म्हणतात?" चाचांनी विचारलं.

लामिनला विचारून मी सांगितलं, "येताना मलाही असल्या चाव्या आण, म्हणतात. हल्ली बोटांना कडी ओढवत नाही. गावात मात्र सांगू नकोस."

चाचांनी मुकाट्यानं खालचा खण उघडला. आत गिटारच्या चाव्यांचे डबेच्या डबे होते.