न चाखता रांधलेली टर्की

शेजारीण दारात उभी होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. सायकलवरून पडली होती. आमच्याकडे लहानमोठे सगळेच सायकली चालवतात. सौदी अरेबियात थुवालला समुद्राच्या काठावर हे विद्यापीठ आहे, आणि त्याच्या कुंपणाच्या आतच घरं, शाळा, दुकानं असं सगळं असल्यामुळे गाडी काढायची वेळ कमीच येते. शेजारीण अमेरिकेची, इथल्याच शाळेत शिकवते. तिचा नवरा प्रवाळांचा अभ्यास करतो. त्या आठवड्यात तो संशोधनाच्या बोटीवर होता, गुरुवारी संध्याकाळी परत येणार होता.

"गुरुवारी थँक्सगिव्हिंग," ती म्हणाली. "टर्की आणून फ्रीजरमध्ये ठेवली आहे. तुम्ही जेवायला येणारच आहात. मी सांगेन तसं तू करशील का? मला फक्त दोन हात हवेत."

मी हो म्हणाले. अशी माणसं दारात आली की माझ्या तोंडून आधी हो निघतं, विचार मागून येतो. दार लावल्यावर लक्षात आलं, मी कशाला हो म्हटलंय ते.

मी ज्या घरात वाढले तिथे अंडंसुद्धा येत नसे. नवरा बाहेर चिकन खातो, मुलगी मैत्रिणींकडे काय खाते ते मी विचारत नाही, पण मी स्वतः कच्च्या मांसाला कधी बोटही लावलेलं नव्हतं. मागची दोन वर्षं शेजारणीकडे जेवायला गेलो तेव्हा मी कुस्करलेले बटाटे, फरसबी आणि भोपळ्याचा गोड 'पम्पकिन पाय' खाऊन आनंदाने घरी आले होते. टर्की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. सोनेरी, तुकतुकीत, आणि माझ्या दृष्टीने जवळजवळ एखाद्या शोभेच्या वस्तूसारखी.

त्यात सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. व्हिजिट व्हिसावर, तीन महिन्यांसाठी. त्यांना हे सांगायचं कसं, याची मी मनातल्या मनात बरीच जुळवाजुळव केली. त्या मेथी निवडत बसल्या होत्या.

"आई, मी तिला टर्की करायला मदत करणार आहे."

"ते काय असतं?"

"पक्षी. कोंबडीसारखा, पण मोठा."

"केवढा?"

मी हात पसरून दाखवलं. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"एवढा? मग तो शिजवतात कशात? मी येऊ का बघायला?"

वादळ होईल म्हणून मी सगळ्या खिडक्या लावून बसले होते, आणि झालं ते हे.

तरीही एकटीने करायचा धीर होईना. जेद्दाला माझी एक मैत्रीण आहे, रत्नागिरीकडची. तिच्या नवऱ्याचं तिथे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एकदा सुपरमार्केटात मी मुलीवर मराठीत ओरडत होते, तेव्हा मागून आवाज आला होता, "काय गो, तुम्ही आपल्याकडच्या काय?" तेव्हापासूनची ओळख. मी तिला फोन लावला.

"अगो, कोंबडीचाच मोठा भाऊ तो," ती हसत म्हणाली. "त्याला काय घाबरतेस? मी येते गुरुवारी. मी करते सगळं, तू नुसती बघ."

"भाईजान सोडतील तुला?" मी विचारलं. तिच्या नवऱ्याला मी भाईजान म्हणते.

"ते कशाला? मी येते. माझी गाडी आहे ना आता."

तिने चाळिशीनंतर गाडी शिकून लायसन्स काढलं होतं. जेद्दाच्या आत ती बऱ्यापैकी फिरायची, पण हायवेला एकटी कधी आली नव्हती. मला मात्र तेव्हा फक्त एवढंच ऐकू आलं की ती सगळं करणार आहे. जीव भांड्यात पडला.

गुरुवारी इथे कामाचा दिवस असतो, सुट्टी शुक्रवार-शनिवारची. नवरा लॅबमध्ये, माझी आणि शेजारणीची मुलगी शाळेत. शेजारणीने रजा टाकली होती. सकाळी मी आणि आई तिच्याकडे गेलो तर टर्की सिंकशेजारी परातीएवढ्या ट्रेमध्ये पसरली होती. फिकट, ओली, पाय एकत्र बांधलेले. आईंनी पदर खोचला, स्टूल ओढलं आणि थोडं अंतर ठेवून बसल्या. अगदी ऑपरेशन बघायला मिळालेल्या विद्यार्थ्यासारख्या.

शेजारीण म्हणाली, दुपारच्या अजानीपर्यंत ही ओव्हनमध्ये गेली पाहिजे, नाहीतर रात्रीपर्यंत जेवण नाही. आम्ही मैत्रिणीची वाट बघत बसलो. वाट बघता बघता आईंनी प्रश्न सुरू केले आणि मी दुभाषी झाले.

"हा सण कशाचा आहे, विचार तिला."

शेजारणीने सांगितलं. फार पूर्वी समुद्रापलीकडून लोक तिच्या देशात आले, त्यांना तिथली शेती जमेना, उपासमार झाली. तिथल्या मूळच्या लोकांनी त्यांना पेरायला, पिकवायला शिकवलं. पीक आलं तेव्हा सगळे एकत्र जेवले. शाळेत असं शिकवतात.

"छान आहे," आई म्हणाल्या. "मग पुढे त्या मूळच्या लोकांचं काय झालं?"

मी हे भाषांतर करताना जरा अडखळले. पाहुणीने यजमानीणबाईंना असं विचारावं का? पण शेजारणीला राग आला नाही.

"पुढे त्यांची जमीन गेली," ती म्हणाली. "बरेचसे मेले. माझ्या वडलांनी मला हा भाग कधी सांगितला नाही. मी वर्गात दोन्ही सांगते."

आईंनी स्टूल थोडं पुढे ओढलं. "ज्यांनी जेवू घातलं त्यांचीच जमीन गेली. मग आता हे आभार कुणाचे मानतात?"

शेजारणीने प्लास्टरच्या कडेला बोट घालून खाजवलं. "मलाही दर वर्षी तोच प्रश्न पडतो. माझी आई त्या दिवशी जेवायला अशांना बोलवायची, ज्यांना त्या दिवशी जायला कुठलंच घर नसायचं. कधी कधी आम्हाला त्यांची नावंसुद्धा माहीत नसायची. मला सणाचं आठवतं ते एवढंच. म्हणून मी करते."

"हे ठीक आहे," आई म्हणाल्या. जणू परीक्षकांनी उत्तर मान्य केलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मी कुठे आलेय माहीत हाय?" मैत्रीण म्हणाली. "थुवालचा बोर्ड मला दिसलाच नाही गो. पार पुढे राबिगच्या बाजूला आलेय. इथे नुसती वाळू न् उंट. आता वळायला जागा सापडली की वळते."

"घाबरलीस का?"

"नाय." ती जरा थांबली. "नाय गो, नाही घाबरले."

मी फोन ठेवला. घड्याळाकडे कुणी बघितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. मैत्रीण येईपर्यंत थांबता येणार नव्हतं.

आईच उठल्या. जवळ आल्या आणि माझ्या कुर्त्याच्या बाह्या कोपराच्या वर नीट दुमडून दिल्या. मग परत स्टूलावर जाऊन बसल्या.

"पोटात हात घाल," शेजारीण म्हणाली. "आत एक पिशवी आहे. ती काढ."

"पिशवी?"

"कसली पिशवी?" आईंनी विचारलं.

"त्यात काळीज वगैरे असतं म्हणे."

"त्याचंच?"

मी शेजारणीला विचारलं. ती विचारात पडली. "असेलच असं नाही. कारखान्यात भरतात ना. दुसऱ्या कुठल्या टर्कीचंही असेल."

मी भाषांतर केलं. आईंनी कपाळावर आठ्या घातल्या. यावर त्यांना आणखी खूप काही विचारायचं होतं हे दिसत होतं. मी डोळे मिटून हात आत घातला. गारठा. फ्रीजमधल्या दगडासारखा गारठा आणि आत फासळ्यांची कमान. मला वाटलं होतं तशी किळस आली नाही. आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत असं काहीतरी वाटलं. पिशवी हाताला लागली, ओढली, निघाली.

मग लोणी. कातडी आणि मांसाच्या मधे बोटं सरकवत लोणी पसरायचं होतं. कातडी फाटू द्यायची नाही. शेजारीण एका हाताने हवेत दाखवत होती आणि मी करत होते. थोड्या वेळाने मी डोळे उघडे ठेवून करू लागले. लोण्यात लसूण आणि कसलीशी सुवासिक पानं चिरून घातली होती, त्यांचा वास बोटांना छान येत होता. पुरणपोळी लाटताना पुरण कडेपर्यंत सरकतंय की नाही हे बोटांना कळतं, तसंच हे कळायला लागलं.

"आता मीठ," शेजारीण म्हणाली.

"किती?"

तिने प्लास्टरमधल्या हाताकडे बघितलं. "मी नेहमी हातानेच घालते. माझ्या मुठीत किती येतं ते तुला कसं सांगू?"

आणि मी तर चाखणार नव्हते. तेव्हा मला आठवलं की न चाखता स्वयंपाक मी आयुष्यभर केलेला आहे. नैवेद्याचा. गणपतीला, गौरींना पंचवीस माणसांची आमटी, भाजी, खीर, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत थेंबही जिभेवर ठेवायचा नाही. भांडं बघायचं, वास घ्यायचा आणि मीठ टाकायचं. मी टर्कीकडे तसं बघितलं. आईंकडेही बघितलं. त्यांना काय ते समजलं.

"अजून थोडं," त्या स्टूलावरून म्हणाल्या. "जाडजूड आहे तो."

मी अजून थोडं टाकलं.

ओव्हनचं दार लावलं तेव्हा मशिदीतून अजान सुरू झाली होती. मी साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, मग वास घेतला. लसूण. आईंनी घरून आणलेल्या डब्यातून लाल भोपळा काढला. सकाळीच गुळात शिजवून ठेवलेला. शेजारणीच्या पम्पकिन पायसारखं आपल्याकडे काय, असं त्यांनी विचारलं होतं आणि स्वतःच उत्तर दिलं होतं, घारगे. आता त्यांनी ओट्याचा ताबा घेतला आणि त्या दुपारी अमेरिकन स्वयंपाकघरात टर्की भाजत असताना घारगे तळले गेले.

मैत्रीण आली तेव्हा टर्कीचा रंग बदलायला लागला होता. ती आत आली, ओव्हनच्या काचेतून वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळली. "तू केलंस?"

"मी केलं."

"मग मी कशाला आले एवढ्या लांब?" म्हणत तिने टेबलावर डबा ठेवला. सांदण आणले होते, तांदळाचे, नारळाच्या दुधातले. आईंनी झाकण उचलून बघितलं, "हे इडलीसारखं काय?" विचारलं, आणि पुढचा अर्धा तास त्या दोघी तांदूळ किती भिजवायचे यावर बोलत होत्या. मैत्रीण त्यांना पहिल्या क्षणापासून मावशी म्हणत होती.

संध्याकाळी टेबल मागच्या अंगणात मांडलं. नोव्हेंबर संपत आला की इथली हवा माणसांत येते. शेजारणीचा नवरा बोटीवरून थेट आला, उन्हाने लाल झालेला. त्याने टर्की कापली. माझा नवरा ताटात घेऊन खायला लागला आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या चेहऱ्यावरून मीठ वाचायची वेळ अशी कधी आली नव्हती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग अजून एक तुकडा घेतला.

शेजारणीकडे रीत अशी की प्रत्येकाने एकेक गोष्ट सांगायची, ज्याबद्दल आभारी आहे ती. मुली आधी. शेजारणीची मुलगी बाबा परत आल्याबद्दल. माझी मुलगी इंग्रजीत, "आजी आल्यामुळे घरी रोज कुणीतरी माझ्याशी पत्ते खेळतं त्याबद्दल." आजीला ते समजलं की नाही कोण जाणे, पण त्या हसल्या. माझा नंबर आला तेव्हा मी शेजारणीला म्हणाले, तू दुसऱ्या कुणाच्या दारावर गेली नाहीस त्याबद्दल.

मग मैत्रीण. परक्यांसमोर बोलायचं म्हणून ती हिंदीत बोलली. "रस्ता चुकले त्याबद्दल. गाडीत मी एकटी. मी कुठे आहे ते नवऱ्याला माहीत नाही, मुलांना नाही, मलाही नाही. एका बाजूला गाडी थांबवली आणि उंट बघत बसले. असं मला पूर्वी कधीच मिळालं नव्हतं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. सकाळी फोनवर ती थांबून का बोलली होती, ते मला आत्ता कळलं.

शेवटी आई. मी म्हटलं, आई, तुम्हीही सांगा.

"मला नाही जमायचं ते," त्या म्हणाल्या. "आपल्या माणसांचे आभार मानले की परकं केल्यासारखं वाटतं."

मी तसंच इंग्रजीत सांगितलं. शेजारणीचा नवरा काटा हातात धरून पुढे झुकला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग तुम्ही सांगता कसं?"

आईंनी प्रश्न ऐकला. विचार केला. "सांगत नाही," त्या म्हणाल्या. आणि मग मलाच विचारलं, "सांगायला पाहिजे का गं?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी माझे एकदाही, आणि मी त्यांचे एकदाही आभार मानले नव्हते. तेवढ्यात मुलीने घारग्यांचं ताट पुढे ढकललं.

मैत्रीण रात्री आमच्याकडेच राहिली. सकाळी चहा पिताना आईंनी जाहीर केलं की त्या तिच्याबरोबर जेद्दाला जाणार आहेत. शनिवारी संध्याकाळी तिने परत आणून सोडायचं. दोघींचं आदल्या दिवशीच ठरलं होतं, तांदूळ भिजवण्याच्या गप्पांत. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. साताऱ्याला शेजारच्या गल्लीतही मुक्कामाला न जाणारी बाई.

"तिकडे काय करणार, आई?" त्याने विचारलं.

"जुनं शहर आहे म्हणे, लाकडी खिडक्यांचं. ती दाखवते म्हणाली. आणि ती जाते तो बाजार बघायचाय."

शुक्रवारच्या सकाळी रस्ते रिकामे असतात. त्या पुढच्या सीटवर बसल्या. सीटबेल्ट कुठून ओढायचा ते मैत्रिणीने दाखवलं. काच खाली करून त्यांनी मला सांगितलं, "फ्रीजमध्ये मेथीची भाजी आहे, संपव."

शेजारीण तिच्या दारात उभी होती, प्लास्टरचा हात छातीशी धरून. "त्या कुठे निघाल्या?" तिने विचारलं.

"जेद्दा बघायला," मी म्हणाले. गाडी कोपऱ्यावर जरा जास्तच सावकाश वळली आणि दिसेनाशी झाली. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो आणि ती मला विचारू लागली, घारग्यांत भोपळ्याबरोबर आणखी काय काय होतं.