लोखंड सरलं होतं

प्लास्टर फोडताना उडणाऱ्या धुळीचा वास आला की मला पवनीकडची एक खेड्यातली शाळा आठवते. जुन्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून मजबूत कशा करायच्या, याची नियमावली तयार होत होती आणि ती वापरून सगळ्यांचं उत्तर एकच येतं का हे बघायला भंडाऱ्यातले आम्ही पाच इंजिनिअर निवडले होते. प्रत्येकाने वेगळ्या दिवशी एकट्याने त्याच शाळेत जायचं, तीन ठिकाणी प्लास्टर फोडून भिंत तपासायची आणि एकमेकांशी बोलायचं नाही, ही अट होती. भिंतीवर नुकतीच मुळाक्षरं रंगवलेली होती आणि खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या होत्या. मी ‘ज्ञ’वर छिन्नी टेकवली, तेवढ्यात शेजारचा म्हातारा मिस्त्री चहा घेऊन आला. “कायले फोडता साहेब,” तो म्हणाला, “मीच बांधलो ना शाळा. खिडक्यांवरचा काँक्रीटचा पट्टा टाकलाच नाई जी, लोखंड सरलं होतं.” मी चहा प्यायलो, छिन्नी पिशवीत टाकली आणि भूकंपात भिंती बांधून ठेवणारा पट्टाच नाही, असा अहवाल लिहिला. महिन्याभराने नियमावली तयार करणाऱ्या पुण्याच्या तज्ज्ञ बाईंनी पाचही अहवाल टेबलावर मांडले. सगळ्यांचं उत्तर एकच निघालं म्हणून त्या खूश होत्या. मग पुन्हा वाचता वाचता थांबल्या. “पट्टा नाही हे प्लास्टर फोडल्यावर कळेल,” त्या म्हणाल्या, “पण लोखंड संपलं होतं, हे तुम्हा पाचही जणांना भिंतीने सांगितलं का?” आम्ही पाचही जण पंख्याकडे बघत बसलो. परवा छापील नियमावली हाती आली. त्यात पहिलीच पायरी आहे, इमारत बांधणारा मिस्त्री हयात असेल तर आधी त्याला भेटा. चहाचं मात्र कुठे काही लिहिलेलं नाही.