एकीच्या नावावर दोघी

आमची ताई माझ्यापेक्षा काही मिनिटांनीच मोठी, पण रुबाब असा की जणू तिनेच मला अंगाखांद्यावर खेळवलंय. एका जागी बसेल तर शपथ! जेवतानाही दोनदा उठते. घरात तिला भिंगरीच म्हणतात.

नोकरी मात्र बसून करायची. कुणी कुठून कर्ज घेतलं, वेळेवर फेडलं की नाही, याच्या नोंदी ठेवून बँकांना पुरवणारी एक कंपनी आहे, जगभर पसरलेली. तिच्या इथल्या शाखेत ताई जुळवणी बघते. म्हणजे या बँकेतली बाई आणि त्या बँकेतली बाई एकच की वेगळ्या, हे ठरवायचं. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि निदान दोन पत्ते जुळल्याशिवाय ती कुणाला कुणाशी जोडत नसे.

शहरात अशा तीन कंपन्या. एकीकडे सगळ्यात जुन्या नोंदी, दुसरीचे दर सगळ्यात कमी. ताईच्या कंपनीचा तोरा वेगळाच. माणूस देश बदलून आला तरी त्याचा मागचा इतिहास आम्ही आणून देतो म्हणे! इथल्या बँकांना त्याचं काय कौतुक? सगळ्यात मोठ्या बँकेने तिघींना आपल्या ग्राहकांची एकच यादी दिली. त्यातल्या जास्त माणसांच्या जुन्या नोंदी जी जुळवून देईल, तिला काम. हे काम हुकलं असतं तर शाखेला टाळंच लागणार होतं.

नेमकं तेव्हाच ताईने घर ठरवलं होतं. दोन खोल्या, गच्चीवर उघडणारं दार. इतकी वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर तिच्या आणि लेकीच्या हक्काच्या. विसार देऊन झाला होता, आणि कर्जाचा अर्ज होता त्याच मोठ्या बँकेत. नोकरी गेली की घर गेलं.

साहेब म्हणाले, "नियम जरा सैल करा. आडनाव, नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारीख, एक पत्ता. बास झालं."

"भलतीच माणसं एकमेकांना चिकटतील, साहेब."

"आधी जिंकू तर द्या! मग आवळू."

ताईने घरभर येरझारा घालून फरशी झिजवली. "जिंकलो की दुसऱ्याच दिवशी आवळते," असं मला, खरं तर स्वतःलाच, बजावलं आणि नियम सैल केला.

जिंकले. साहेबांनी केक कापला. दुसऱ्या दिवशी ही हजर, नियम आवळायला.

"आता?" साहेब म्हणाले. "बँकेने तो आकडा बघून तर काम दिलंय. आवळलं की आकडा घसरेल. जरा दमानं घ्या."

ताई आणि दमानं! ती रोज त्यांच्या केबिनबाहेर उभी. तेवढ्यात तिच्या अर्जाला बँकेचं उत्तर आलं. तुमच्या नावावर घराचं एक कर्ज आधीच चालू आहे, दुसरं मिळणार नाही.

अहो, ते कर्ज माझं! आडनाव एक, दोघींनी माहेरचंच ठेवलेलं, जन्मतारीख एक, नावं एकाच अक्षरावरून, आणि आईबाबांच्या घराचा पत्ताही एकच. दिवसभर लोकांच्या जुळण्या तपासणारी ही बाई, आपण स्वतः जुळ्या आहोत हेच विसरली! मी कपाळावर हात मारला.

साहेब ओशाळले. "तुमचं मी आत्ताच्या आत्ता सोडवून देतो. कुणाला कळायचंही नाही."

"आणि बाकीचे जे चिकटलेत त्यांचं?"

"त्यांनी तक्रार करावी. रांगेने बघू."

"मग मलाही रांगेत घाला," ताई म्हणाली. "आणि नियम आवळा."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. "अगं, तू शुद्धीवर आहेस का? घर हातचं जाईल! लेकीचा तरी विचार कर."

ती खिडकीपासून दारापर्यंत गेली, परत आली. "माझं एकदा सुटलं ना, की उद्यापासून मी ओरडायची बंद होईन गं. मी मला चांगली ओळखते." एवढं बोलून ती रडायला लागली. मग मीही.

घर विकणारा किती दिवस थांबणार? घर दुसऱ्याला गेलं, विसारही बुडाला. नियम अजून सैलच आहे आणि ताई अजून साहेबांच्या दारात. मला तिचा राग येतो, आणि तिच्याकडे बघवतही नाही.

परवा भाची विचारत होती, "मावशी, तुझं घर आईच्या नावावर आहे, तर आम्ही तिथे राहायला का येत नाही?"