उधव्यापुढची गवताची वखार आणि मी रचलेली गंजी

गवतालाही वारसा असतो, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी फोनवर कळलं. माझा कॉलेजातला मित्र चंदू डहाणूजवळ सरावलीला चिकूची वाडी करतो. तो म्हणाला, "तलासरीच्या आत, उधव्याच्याही पुढे, गवताची जुनी वखार आहे. तिथून मुंबईच्या तबेल्यांना गवत जायचं. आता तिथे देवजीभाईची गुरं असतात. मी शेणखत आणतो त्याच्याकडून. येतोस?"

मी संस्कृत घेऊन बी.ए. झालेला. एखादी गोष्ट तुच्छ आहे हे सांगायला 'तृणवत्' म्हणायचं, एवढाच माझा गवताशी संबंध. पण 'जुनी' हा शब्द ऐकला की माझी बॅग आपोआप भरते. नोव्हेंबरअखेरीस एका शनिवारी ठाण्याहून गाडी काढली. चारोटीला मिसळ खाल्ली. तिथला चहा गोडच असतो, साखर कमी सांगून उपयोग नाही. दुपारी सरावली, संध्याकाळी आगरच्या किनाऱ्यावर फेरफटका आणि रात्री चंदूकडे ताजे बोंबील. इथवर मी अत्यंत यशस्वी प्रवासी होतो.

रविवारी सकाळी चंदूला घेऊन तलासरीवरून उधव्याकडे वळलो. रस्ता बरा आहे, पण पुढचे तीनेक किलोमीटर कच्चे आणि पाटी एकही नाही. उधव्यानंतर मोबाइलची रेंज जाते, तेव्हा पेट्रोल आणि पाणी आधीच भरून घ्या. स्वतःची गाडी नसेल तर तलासरीहून रिक्षा ठरवा आणि परतीचंही आधीच बोलून ठेवा, कारण तिकडे दुसरी मिळणार नाही.

माझ्या मनात दगडी बंगला, खांबांची ओसरी, भिंतीवर शिंगं वगैरे तयार होतं. प्रत्यक्षात दगडी जोतं होतं आणि त्याला तीन पायऱ्या. पायऱ्या चढून गेलं की काहीच नाही. काहीच नाहीच्या मधोमध एक गाय बसली होती. शेजारी कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं देवजीभाईंचं घर, मागे गोठा आणि चिंचेखाली गवत दाबून गाठी करायचा जुना प्रेस: माणसापेक्षा उंच सागवानी पेटी, वर गंजलेला लोखंडी स्क्रू, आत अंड्यांवर बसलेली कोंबडी.

"माझा बाप यात नाचायचा," देवजीभाई म्हणाले. साठीचा काटक माणूस, डोक्याला टॉवेल. "चार जणं आत उतरून गवत तुडवायची, मग वरनं दाब. गाठी बैलगाडीनं स्टेशनला. शेठ गेला, जमीन कुळांकडं आली, पेटी राहिली."

मी प्रेसचे बावीस फोटो काढले. कोंबडीला ते पसंत पडलं नाही.

त्या दिवशी मात्र घरातल्या कुणालाही माझ्या वारशात रस नव्हता. अंगणात सुकलेल्या गवताचे भारे पडले होते आणि गंजी अर्धीच उभी होती, माझ्या छातीइतकी. सोळा जनावरांचं जूनपर्यंतचं जेवण.

"आज संपवायचीच," देवजीभाई पूर्वेकडे बघत म्हणाले. "सकाळपासून डोंगर जवळ दिसतो. पाणी येणार. तीन सालाआधी आत पाणी गेलं, गवत तापून काळं पडलं. मग दोन बैल विकले."

त्यांची बायको मथीबाई गंजीवर उभी होती. खालून देवजीभाई पेंढ्या फेकत, ती झेलून गोल रचत होती. इतकी सहज, की मला वाटलं, हे तर मलाही जमेल. हा विचार माझ्या आयुष्यात अनेकदा आला आहे आणि दर वेळी महाग पडला आहे. मथीबाई गुरांना ओहोळावर पाणी पाजायला उतरली, तेव्हा मी म्हणालो, "तोवर मी चढू का वर?"

देवजीभाईंनी ओहोळाच्या दिशेनं पाहिलं. "चढा ना साहेब."

"फोटो काढ रे," मी चंदूला बजावलं.

तासभर मी रचत होतो. कडा छान गोल, उभ्या, नेटक्या. तीन थर झाले. देवजीभाई पेंढी फेकत, वर बघत आणि पुन्हा खाली बघत. मी ते कौतुक समजलो.

मथीबाई गुरं घेऊन परतली. हातातली काठी दाराला टेकवून गंजीवर चढली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, ही वाटी कुणी केली?"

"वाटी?"

"मधी खोल, कडेला उंच. पाणी साठवायचंय का गंजीत? पोट आधी भरायचं, मधलं. कडा खाली उतरत्या. पाणी बाहेर पळालं पायजे." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुमी काय डोळे मिटून फेकत होता?"

"पाहुणा आहे," देवजीभाई पुटपुटले. "पाहुण्याला कसं बोलायचं?"

"गाय पाहुण्याला खाणार काय?"

"पंडित, उतर," चंदू खालून म्हणाला. "फोटो आलाय. मस्त आलाय."

मला त्या क्षणी दोन बैल दिसत होते, विकलेले. एका फोटोसाठी मी या घराचा एक तास आणि तीन थर घालवले होते आणि डोंगर आता खरोखरच गोठ्याच्या मागे येऊन उभा राहिल्यासारखा वाटत होता. मथीबाईनं वरचे दोन थर उपसून खाली फेकले. तिसऱ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "हा राहू दे. मधी भरून झाकते. टाइम नाय."

मला बढती मिळाली नाही. अंगणाच्या टोकापासून गंजीपर्यंत डोक्यावरून भारे वाहायचं काम मिळालं. (पूर्ण बाह्यांचा सदरा घालून जा. माझी मान तीन दिवस खाजत होती.) मध्ये दहा मिनिटं नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी. इतकी चव मला एकाही वारसास्थळाच्या उपाहारगृहात लागलेली नाही. जेवणाचे पैसे देऊ केले तर मथीबाई म्हणाली, "आधी भारे आणा."

ऊन कलता कलता गंजीला टोक आलं. त्यावर ताडाच्या पानांची टोपी आणि टोपीवरून टाकलेले दोर, दोन्ही टोकांना दगड बांधून चारी बाजूंनी लोंबते सोडलेले. मथीबाई उतरली, मागे सरकून गंजीकडे पाहिलं आणि दूध काढायला गेली.

रात्री ठाण्याला परतलो. पहाटे पाऊस आला. बायको म्हणाली, "वाळत घातलेले कपडे?" मी म्हणालो, "गंजी." देवजीभाईंना फोन लागेना. मी घरी आणलं काय, तर बावीस फोटो आणि खाज. या लेखाला 'वखारीचा वैभवशाली इतिहास' असं शीर्षक आधीच देऊन ठेवलं होतं, ते पुसलं. जुना प्रेस बघायला गेलो होतो, तो आता कोंबडीचा आहे. अजून चालू होते ते मथीबाईचे हात. त्यांचा मी एकही फोटो काढला नव्हता. मी स्वतःचा काढून घेत होतो.

बुधवारी देवजीभाई उधव्याच्या बाजारात रेंजमध्ये आले आणि त्यांनीच फोन केला.

"साहेब, मथीनं खांद्यापर्यंत हात घातला. आत कोरडं."

"सगळं?"

"तुमच्या थरात हातभर ओलं झालं. काढून उन्हात घातलं, तेच आधी गायींना दिलं."

"खाल्लं त्यांनी?"

"खाल्लं. गाय काय बोलत नाय." मागून मथीबाईचा आवाज आला, काहीतरी लांबलचक. देवजीभाई हसले. "ती म्हणते, पुढल्या साली या. पण खालीच राहा."