अक्कांचा भुईचाफा

आज मेथीसाठी वाफा खणला आणि ओल्या मातीच्या वासाबरोबर सोलापूरच्या सासरची एक जुनी दिवाळी आठवली. मी नवी सून होते, कामाला झपाट्याची. थोरल्या जाऊबाई, अक्का, लेकीच्या बाळंतपणाला बार्शीला गेल्या होत्या. परसात त्यांच्या कोपऱ्यात नुसती वाळकी पानं दिसली, म्हणून थंडीच्या भाजीसाठी मी तो खणला. आल्यासारखे गड्डे निघाले, ते उकिरड्यावर फेकले.

अक्का परतल्या तेव्हा मेथी वीतभर झाली होती.

“वरनं मेथी पेरलीस व्हय? बरं केलंस की! माझा भुईचाफा थंडीभर खालीच झोपतो. चैत्रात फुलं बघ. अक्कलकोटास्नं आणलाय, आईच्या हातचा. आई गेली, तेवढाच राहिलाय.”

उकिरड्याचं खत तोवर शेतावर गेलं होतं. मी मेथी खुडायला वाकले. कामाची सून म्हणून नुकतंच नाव झालं होतं, ते मला घालवायचं नव्हतं.

चैत्रात त्या रोज सकाळी वाफ्यापाशी बसून माती चाचपायच्या. एकही फूल वर आलं नाही.

“माझंच चुकलं गं,” एक दिवस त्या म्हणाल्या. “पाणी कमी पडलं असंल.”

“असेल,” मी म्हणाले.