बिलोलीचं लग्न आणि लघवीची गोळी

साठी उलटल्यावर मी लग्नांना जाणं टाळू लागलो. उदगीरात माझं कापडाचं दुकान. बस्ता माझ्याकडे बांधायचा आणि अक्षता टाकायला मात्र मी नाही, याचं लोकांना नवल वाटे. कारण सांगण्यासारखं नव्हतं. दर अर्ध्या तासाला लघवीला लागायची, आणि गेलं की धार सुरूच होत नसे. एकदा नायगावला जाताना मी दोनदा एसटी थांबवायला लावली. दुसऱ्यांदा चढलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "काका, आता दाराजवळच बसा." सगळी गाडी हसली. मान खाली घालून बसलो.

बायकोनं मला लातूरला नेलं. डॉक्टरांपुढे मी गुडघ्याचंच सांगत बसलो. ती म्हणाली, "अहो, गुडघे चांगले हायत यांचे. लघवी अडकून राहिली."

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "प्रोस्टेटची गाठ वाढलीय, साधीच आहे. पण तिथले आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायूही आवळून बसलेत. आवळायचा इशारा त्यांना सारखा मिळतो. ही गोळी तो इशारा अडवते. स्नायू सैल पडले की वाट मोकळी होते."

"म्हणजे गाठ विरघळते?"

"नाही, ती आहे तेवढीच राहते. आणि एक ध्यानात ठेवा, या गोळीनं रक्तवाहिन्याही थोड्या सैलावतात. एकदम उठलात तर चक्कर येईल."

हे मी ऐकलं आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी वरच्या फळीवरचं इरकल मागितलं. मी ताडकन उठलो, दुकान फिरलं, आणि साड्यांच्या ढिगावर मी बदकन बसलो. बिचाऱ्या बाईंनीच मला पाणी दिलं. तेव्हापासून आधी पाय खाली, मग जरा दम, मग उभं राहणं.

आठवड्याभरात फरक पडला. बाथरूममधून बाहेर आलो तर बायको म्हणाली, "एवढ्यात?" कित्येक महिन्यांनी ओटीपोट मोकळं, हलकं वाटत होतं.

मग बिलोलीला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं. मी अगदी पुढच्या रांगेत बसलो. प्रत्येक मंगलाष्टकानंतर बायको कानाशी येई, "जायचं का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई म्हणलं ना!"

अक्षता पडल्या, पंगत बसली, मी दुसऱ्यांदा बुंदी घेतली. बायको मात्र चुळबुळत होती. शेवटी पदर सावरत म्हणाली, "तुम्ही बसा निवांत, मीच जाऊन येते."