पहिला फोन मला आला होता

ती परवा डायलिसिस सेंटरवर पेढे घेऊन आली. नवी किडनी बसवून सहा महिने झाले म्हणून. सगळ्यांना पेढा दिला, माझ्या पलंगाशी स्टूल ओढून बसली आणि पर्समधली बाटली काढून घटाघटा अर्धी संपवली. मग "आले हं अक्का" म्हणत बाथरूमला गेली. लघवीला! एवढ्याशा गोष्टीचा हेवा वाटू शकतो, हे धडधाकट माणसाला सांगून पटायचं नाही. मला लघवी होत नाही त्याला चार वर्षं झाली. दिवसाला तीन पेले पाणी, बस्स. माझं माहेर लातूरचं, पाणी मोजून वापरायची सवय लहानपणापासूनची. पण तिथं घागरी मोजायचो, घोट नव्हे.

नांदेडच्या या सेंटरवर तीन वर्षं आमचे पलंग शेजारी होते. ती कंधारहून एसटीनं यायची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आमचा रक्तगट एकच, किडनीच्या यादीत दोघींची नावं, माझं तिच्या वर. त्याचा मला जरा माजच होता. "तुझाही नंबर लागेल गं," असं मोठेपणानं सांगायची मी तिला.

नंबर लागला, आधी माझाच. सकाळी पोळ्या लाटत होते, नवरा दुकानात गेलेला. मोठ्या दवाखान्यातल्या को-ऑर्डिनेटर बाईंचा फोन आला. ब्रेन डेड झालेल्या एका माणसाची किडनी आहे, लगेच निघा. आमच्याकडं कुणी गेल्याचं कळलं की तोंडातून पहिला शब्द निघतो, 'कशानं?' भेटायला आलेली बाई डोळ्यांना पदर लावायच्या आधी तेच विचारते. मीही विचारलं. "विषबाधा," त्या म्हणाल्या, "पण किडन्या..."

पुढचं मी ऐकलंच नाही. औषध प्यालेल्या माणसाची किडनी? सगळं विष तिच्यातूनच गाळलं गेलं असणार की! आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त गाळून घेणारी मी, मला कुणी शिकवायची गरज नव्हती. "नको बाई, दुसरी आली की कळवा," म्हणाले आणि फोन ठेवला. मंडईत किडकी भेंडी बाजूला सारावी तसं.

पुढच्या डायलिसिसला शेजारचा पलंग रिकामा होता. डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कळलं, मी नाकारलेली किडनी तिला मिळाली होती. तो माणूस काही प्यालेला नव्हता. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या विषारी वायूनं गेला. "किडन्या तपासूनच फोन करतात ना," डॉक्टर म्हणाले, "उत्तम होत्या." घरात पिढ्यान्‌पिढ्या विष पचवलेल्या महादेवाची पूजा, आणि मी नुसत्या शब्दाला भ्याले. नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

ती बाथरूममधून आली. पायांवर सूज नाही, तोंडावरचा तो राखेसारखा रंग गेलेला, केसांत गजरा. हे सगळं माझं होतं, असं मनात येत राहिलं. पेढा तोंडात नुसता फिरत होता.

"अक्का, तुमाला म्हणून सांगते," ती जवळ सरकली. "माझ्या आधी कुणाला तरी फोन गेलता म्हणे. त्या बाईनं नको म्हटलं, म्हणून मला भेटली."

"कोण होती?" मी विचारलं.

"नाव थोडंच सांगतेत? पण लई मोठं मन असंल बघा तिचं. रोज पूजेला बसले की आधी तिच्यासाठी मागते मी. म्हणते, देवा, तिला लवकर दुसरी मिळू दे."

तिच्या मांडीवरचा पेढ्यांचा डबा उचलून भिरकावून द्यावासा वाटला. सांगून टाकावं, मन मोठं नव्हतं गं, अक्कल लहान होती. पण सांगितलं तर ते मागणंही हातचं जायचं.

"माग," मी म्हटलं. "एक दिवससुद्धा चुकवू नकोस."